मुक्कामाची वहिवाट

सह्याद्रीतील किल्ल्यांची माहिती देणारे कोणतेही मराठी पुस्तक उघडावे. किल्ल्याचा इतिहास, चढण्याच्या वाटा आणि माथ्यावर पाहण्याजोगी ठिकाणे एवढे सांगून झाले, की प्रकरणाच्या शेवटी चार ओळींचा एक ठरलेला मजकूर येतो: राहण्याची सोय, जेवणाची सोय, पाण्याची सोय आणि गडावर पोहोचण्यास लागणारा वेळ. गेल्या हिवाळ्यात आमच्या नंदिनी नगरातील चार तरुण मुले असेच एक पुस्तक हाती घेऊन माझ्याकडे आली आणि रतनगडाच्या प्रकरणातील त्या चार ओळींपैकी पहिल्या ओळीवर बोट ठेवून त्यांतल्या एकाने विचारले, ‘‘काका, गुहेत राहता येते असे इथे लिहिले आहे. मग तिचे आरक्षण कोणाकडे करायचे?’’ भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या खाणीभोवती वसलेल्या या वसाहतीत प्रत्येक घराला क्रमांक असतो, प्रत्येक क्रमांकाची नोंद कुठल्यातरी दफ्तरात असते आणि घर सोडताना किल्ली मोजून परत द्यावी लागते. अशा ठिकाणी लहानाचे मोठे झालेल्या मुलांना दार नसलेले, किल्ली नसलेले, मालकाचा पत्ता नसलेले आणि तरीही कोणालाही रात्रीपुरते आपले म्हणता येईल असे घर डोळ्यांपुढे आणणे कठीण जावे, हे स्वाभाविक होते. त्या संध्याकाळी मी त्यांना जे सांगितले ते अपुरे होते, म्हणून हा लेख.

डोंगरवाटेवरचा निवारा हा एक विलक्षण प्रकारचा आश्रय असतो. गावातील घराला कर्ता असतो, धर्मशाळेला व्यवस्थापक असतो, हॉटेलाला गल्ला असतो. परंतु वस्तीपासून चार कोस दूर, कड्याच्या कुशीत किंवा अरण्याच्या पोटात असलेल्या निवाऱ्यात रात्री बहुधा कोणी यजमान हजर नसतो, आणि जो दमून भागून तेथे पोहोचतो तोच त्या रात्रीपुरता त्याचा वहिवाटदार होऊन बसतो. सकाळी तो ज्या अवस्थेत ती जागा सोडील, त्याच अवस्थेत ती दुसऱ्या दिवशी येणाऱ्या अनोळखी माणसाच्या वाट्याला येते. ही वहिवाट जिथे दृढ आहे, तिथे लाकडाच्या साध्या झोपडीतही पिढ्यान्‌पिढ्या माणसे निर्धास्त झोपत आली आहेत. जिथे ती सुटली, तिथे दोन हजार वर्षे टिकलेले दगडी लेणेसुद्धा थोड्याच वर्षांत उतरण्यास नालायक होते.

आपल्या मुलखात असा आश्रय नवा नाही. कोकणातील बंदरांकडून जुन्नरकडे मालाचे तांडे ज्या नाणेघाटाने चढत, त्या घाटाच्या ऐन माथ्याशी सातवाहनांनी लेणे कोरविले आणि त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेच्या यज्ञयागांची आणि दानांची नोंद करणारा प्रदीर्घ ब्राह्मी लेख खोदविला. तो लेख वाचायला आज पंडित लागतो, परंतु घाट चढून घामेघूम झालेला वाटसरू त्या सावलीत पाठ टेकतो तेव्हा त्या जागेचे दुसरे प्रयोजन त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. बौद्ध भिक्षूंना पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम होता; त्या वर्षावासासाठी कोरलेल्या विहारांच्या खोल्यांतून निजण्याचे दगडी ओटे आजही दिसतात, आणि जवळच खडकात खोदलेले पाण्याचे टाके असते. प्राकृत शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे, आणि गुहेइतकेच पोढीचे दानही पुण्याचे मानून लोकांनी त्यावर आपली नावे कोरून ठेवली आहेत. निवारा आणि पाणी यांची ही जोडी पुढे किल्ले बांधणाऱ्यांनीही मोडली नाही, म्हणूनच आजच्या पुस्तकातील राहण्याची सोय आणि पाण्याची सोय या दोन ओळी एकमेकींच्या शेजारी असतात.

उत्तरेकडील यात्रामार्गांवर या कल्पनेने आणखी एक सुंदर रूप घेतले. मोटारी नव्हत्या त्या काळी बदरी-केदाराकडे पायी जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी वाटेवर ठिकठिकाणी ‘चट्टी’ असत. चट्टी म्हणजे दगडामातीची, गवताने किंवा पाटीदगडाने शाकारलेली लांबट पडवी आणि तिच्या एका टोकाला वाण्याचे दुकान. यात्रेकरूने दुकानातून पीठ, डाळ, तूप घ्यावे, आणि त्याच्या मोबदल्यात दुकानदाराने त्याला निजायला जागा आणि रांधायला भांडी फुकट द्यावीत, असा शिरस्ता होता. भाडे नाही, करार नाही, केवळ व्यवहाराच्या पोटी वाढलेली माणुसकी. ऋषिकेशच्या बाबा काली कमलीवाल्यांच्या संस्थेने त्याच मार्गांवर धर्मशाळा उभारल्या आणि सदावर्ते चालविली. १९६२ च्या युद्धानंतर सरहद्दीकडे मोटाररस्ते झाले, दहा दिवसांची वाट एका दिवसाची झाली आणि बहुतेक चट्ट्या ओस पडल्या. यमुनोत्रीच्या वाटेवरील हनुमान चट्टी आणि जानकी चट्टी ही गावांची नावे मात्र त्या व्यवस्थेची आठवण सांगत अजून नांदत आहेत. १८५७ च्या ऐन धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात हिंडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्यासारखे मराठी प्रवासी अशाच परक्या छपरांच्या भरवशावर शेकडो कोसांची पायपीट करीत. त्यांनी १८८३ साली लिहून ठेवलेला ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला, आणि तो वाचताना पदोपदी जाणवते, की त्या काळी प्रवासाचे खरे भांडवल रात्रीचा आसरा हेच होते.

आम्हा छत्तीसगडातील मराठी माणसांना या परंपरेचा जिवंत नमुना पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आमच्या उत्तरेला मैकल पर्वताची रांग आहे, आणि त्या रांगेवर, छत्तीसगडच्या सीमेला अगदी लागून, अमरकंटक येथे नर्मदा उगम पावते. १,३१२ किलोमीटर लांबीच्या या नदीला उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र कोठेही न ओलांडता, एका तीराने जाऊन दुसऱ्या तीराने परतणारी परिक्रमा शास्त्राप्रमाणे ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवसांची मानली आहे; चातुर्मासात चालणे थांबवून एका स्थानी राहावयाचे असते. एवढ्या दीर्घ वाटेवर परिक्रमावासी रात्री राहतो कोठे? कधी आश्रमात, कधी देवळाच्या सभामंडपात, कधी शाळेच्या व्हरांड्यात, आणि पुष्कळदा एखाद्या शेतकऱ्याच्या ओसरीवर. तो ‘उतरला’ असे तेथे म्हणत नाहीत, त्याने ‘आसन लावले’ असे म्हणतात. आणि आश्रमातील साधू आलेल्या मंडळींची गणती करताना ‘किती माणसे’ असे न विचारता ‘किती मूर्ती’ असे विचारतात. या एका शब्दात दाराशी आलेल्या अनोळखी माणसाकडे पाहण्याची जी दृष्टी आहे, तिचे मोल मला कोणत्याही पक्क्या इमारतीहून अधिक वाटते. ज्याला स्वतः रांधायचे आहे त्याला सदावर्तातून कोरडा शिधा मिळतो, आणि उद्याच्या गरजेपेक्षा जास्त त्याने झोळीत ठेवू नये असा संकेत आहे.

मराठी वाचकाला ही वाट गोपाल नीलकंठ दांडेकरांनी ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या कादंबरीतून दाखविली, आणि तेव्हापासून आजतागायत महाराष्ट्रातून परिक्रमेला निघणाऱ्यांचा ओघ थांबलेला नाही. धरणांच्या जलाशयांखाली काठावरची कित्येक देवळे, घाट आणि जुन्या वाटा गेल्या. सरदार सरोवराची भिंत १३८.६८ मीटर उंचीवर गेल्यावर तर शूलपाणीच्या झाडीतील वाटेचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि परिक्रमेला दूरच्या गावांतून वळसा घ्यावा लागला. वाट सरकली तशी मुक्कामाची ठिकाणेही सरकली. ज्या गावांना पूर्वी परिक्रमावासी ठाऊक नव्हते त्यांच्याही दारांत आता ‘नर्मदे हर’ ऐकू येते आणि आतून पाण्याचा तांब्या बाहेर येतो. छप्पर बुडाले तरी वहिवाट बुडाली नाही, याचे याहून स्पष्ट प्रमाण मला ठाऊक नाही.

धर्माने जे यात्रामार्गांवर केले, ते इंग्रजी अमलात सरकारने आपल्या गरजेपोटी रानावनात केले. मध्यप्रांताच्या अरण्यांची पाहणी करणारा कॅप्टन जेम्स फोर्साइथ याने १८६२ साली पचमढीच्या पठारावर बांधलेले ‘बायसन लॉज’ अद्याप उभे आहे. पुढे जंगलखाते स्थिरावले तशी साहेबाच्या दौऱ्याच्या टप्प्याटप्प्यावर विश्रामगृहे झाली. उंच जोते, चहूबाजूंनी व्हरांडा, उतरते कौलारू छप्पर, मागे थोडी दूर असलेली स्वयंपाकाची खोली, एक चौकीदार आणि एक नोंदवही, असा त्यांचा थाट ठरलेला. मेळघाटात सिपना नदीच्या वळणावर असलेल्या कोलकासच्या विश्रामगृहात ज्याने एखादी रात्र काढली असेल, त्याला दिवा मालवल्यावर व्हरांड्यात उतरणारी शांतता विसरता येणार नाही; आणि मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याने मराठीला अरण्याचे जे वाङ्मय दिले, त्यामागे रानातल्या मुक्कामांत काढलेल्या अशा असंख्य रात्री आहेत. डाकबंगल्यांचा एक जुना नियम मला फार अर्थपूर्ण वाटतो: चोवीस तास राहून झालेल्या प्रवाशाने, नवा प्रवासी आला तर, त्याच्यासाठी जागा मोकळी केली पाहिजे. माणूस कितीही मोठ्या हुद्द्याचा असो, दारात उभ्या असलेल्या थकलेल्या माणसाचा हक्क त्याच्याहून वरचा, हे या नियमाने कागदावर आणले.

परदेशात हेच काम हौशी गिरिप्रेमींच्या संघांनी अंगावर घेतले. स्वित्झर्लंडमध्ये १८६३ साली अल्पाइन क्लब स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याने ट्योडी शिखराच्या वाटेवर आपली पहिली झोपडी बांधली. आज त्याच्या झोपड्यांची संख्या दीडशेच्या घरात आहे. त्यांपैकी आलेच हिमनदीकाठची कोंकोर्डिया ही झोपडी १८७७ साली बांधली तेव्हा बर्फाच्या पातळीपासून थोडीशीच उंच होती. पुढे हिमनदी आटत, खचत गेली आणि आता त्या झोपडीपर्यंत चढण्यासाठी कड्याला साडेचारशेहून अधिक पायऱ्यांचा लोखंडी जिना जोडावा लागला आहे. हवामान कसे पालटत आहे हे सांगणारे कोष्टक वाचण्यापेक्षा तो जिना मोजणे अधिक परिणामकारक ठरावे.

नॉर्वेतील गिरिभ्रमण संघ १८६८ सालचा. त्याच्या पाचशेहून अधिक झोपड्यांपैकी पुष्कळ ठिकाणी रखवालदार नसतो; संघाच्या सभासदांजवळ एकच सामाईक किल्ली असते, ती बहुतेक कुलपांना लागते, आत फळीवर शिधा मांडलेला असतो, आणि घेतलेल्या जिनसांची नोंद करून त्यांची किंमत माणसाने आपण होऊन भरावयाची असते. निघण्यापूर्वी लाकडे फोडून, चुलीजवळ रचून, केर काढून मगच दार ओढून घ्यावयाचे. स्कॉटलंडमधील गुराख्यांची आणि शेतकऱ्यांची ओसाड दगडी घरे १९६५ पासून एक स्वयंसेवी संस्था शाकारून, डागडुजी करून वाटसरूंसाठी उघडी ठेवीत आली आहे. तेथे भाडे नाही आणि कुलूपही नाही. न्यूझीलंडच्या सरकारी निसर्गसंरक्षण खात्याकडे साडेनऊशेच्या आसपास झोपड्या आहेत. त्यांतील कितीएक मुळात पन्नास-साठ वर्षांपूर्वी, वनांची नासाडी करणाऱ्या हरणांचा बंदोबस्त करण्यासाठी नेमलेल्या शिकाऱ्यांकरिता बांधलेल्या होत्या. तेथील प्रत्येक झोपडीत एक वही असते आणि तीत आपले नाव, आपण कोठून आलो आणि उद्या कोणत्या वाटेने जाणार, हे लिहिणे प्रत्येक पांथस्थाचे कर्तव्य मानले जाते, कारण उद्या तो हरवला तर शोधपथक प्रथम त्या वहीचे पान उलटते. अमेरिकेच्या पूर्वेकडील सुमारे ३,५०० किलोमीटरच्या ॲपलेशियन वाटेवर अडीचशेहून अधिक निवारे आहेत. त्यांतील बहुतेकांना तीन भिंती आणि चौथी बाजू उघडी, म्हणजे आपल्या पडवीचीच रचना.

जर्मनीतील एक हकीकत मात्र आपल्या किल्लेप्रेमी वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. रिशार्ड शिरमान नावाचा एक शाळामास्तर १९०९ साली आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाला असता वादळात सापडला. एका खेडेगावातल्या शाळेच्या खोलीत, पेंढ्यावर मुलांना निजवून, विजांच्या लखलखाटात जागा असताना त्याच्या मनात आले, की सुटीत रिकाम्या पडणाऱ्या अशा जागा देशभर मुलांसाठी का उघडू नयेत? त्या विचारातून १९१२ साली जगातील पहिले कायमचे युवा वसतिगृह निघाले, आणि ते निघाले आल्टेना येथील एका जुन्या किल्ल्यात.

आता पुन्हा सह्याद्रीकडे वळू. रतनगडावरची गुहा, हरिश्चंद्रगडावरील लेणी, साल्हेरच्या माथ्याजवळच्या गुहा, राजगडाच्या पद्मावती माचीवरील देऊळ, राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांमधली उधेवाडी, जिच्या परिसरात दांडेकरांचा ‘माचीवरला बुधा’ वावरला, ही गेल्या तीन पिढ्यांच्या मराठी तरुणांची मुक्कामाची ठिकाणे. ज्यांनी तेथे रात्री काढल्या त्यांना तेथील गैरसोयीही पाठ आहेत. गुहेत पिसवा असतात, म्हणून अंथरुणाखाली जाड कापड हवे; उंदीर असतात, म्हणून शिध्याची पिशवी उंच टांगून ठेवावी; टाक्यातले पाणी गाळून, उकळून प्यावे, आणि भांडी टाक्यात न बुडवता पाणी काढून दूर नेऊन घासावीत. कड्याला आग्या मोहोळ असेल तर त्याच्या खाली धूर आणि अंगाला सुगंधी द्रव्य या दोन गोष्टी प्राणावर बेतू शकतात. पण पहाटे गुहेच्या तोंडाशी बसून, खाली कोकणावर पसरलेल्या धुक्यातून एकेक सुळका वर येताना ज्याने पाहिला, तो या गैरसोयींची तक्रार घेऊन घरी परतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

दुःख आहे ते निराळेच. ज्या लेण्यांत शतकानुशतके माणसे राहिली, त्यांची छते अलीकडच्या चुलींच्या काजळीने काळी झाली. भिंतींवर खडूने, रंगाने नावे लिहिली गेली, क्वचित कोरलीही गेली. टाक्यांत प्लास्टिकच्या पिशव्या तरंगू लागल्या. परिणामी मुक्कामावर निर्बंध येऊ लागले, आणि ते अन्याय्य आहेत असे मला म्हणता येत नाही. केंद्राच्या १९५९ च्या नियमांप्रमाणे संरक्षित स्मारकाच्या आवारात नेमून दिलेल्या जागेखेरीज अन्यत्र स्वयंपाक करण्यास मनाई आहेच. २०२५ साली ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत राजगड आणि साल्हेर हे दोन्ही आहेत. तेव्हा तेथील बंदोबस्त यापुढे अधिकच कडक होणार आणि तो तसा व्हावाही. चुलीच्या धुराने ज्या शिल्पाची रेषा पुसली जाते, ती पुन्हा उमटविण्याची विद्या कोणाजवळ नाही.

मग तरुणांनी जावे कोठे? माझे स्पष्ट मत असे, की गडाचा माथा दिवसा पाहण्यासाठी ठेवावा आणि रात्र पायथ्याच्या किंवा माचीवरच्या वाडीत काढावी. उधेवाडी, रतनवाडी, पाचनई अशा गावांतून पडवीत निजायला जागा आणि चुलीवरचे पिठलं-भाकरी मिळते. त्या घरच्या मावशी पहाटे चहा देतात, वाट दाखवायला घरातला मुलगा येतो, आणि दिलेले पैसे त्याच डोंगरात राहतात. हिमालयात चट्टीवाल्याने जो शिरस्ता पाळला तोच येथे नव्याने रुजत आहे. दार्जिलिंगच्या बाजूला ३,६३६ मीटर उंचीवरील संदकफूच्या वाटेवर सरकारी झोपड्या आणि गावकऱ्यांची घरे एकाच वाटेवर चालतात. सह्याद्रीतही तसे सहज होऊ शकेल.

आणि ज्यांना सामुदायिक वहिवाटीची शिस्त शिकायची असेल, त्यांनी एकदा श्रावणात पचमढीची नागद्वार यात्रा करावी. सातपुडा व्याघ्रप्रकल्पाच्या अरण्यातील ती वाट वर्षातून एकदाच, नागपंचमीच्या सुमारास, थोडे दिवस उघडते. भर पावसात, निसरड्या उतारांवरून चालणाऱ्यांत विदर्भातील मराठी माणसांचीच संख्या मोठी असते, आणि त्यांच्यासाठी महाराष्ट्रातील मंडळे डोंगरात तात्पुरते मांडव घालून निवाऱ्याची आणि अन्नाची सोय करतात. ताडपत्रीखाली ओल्या सतरंजीवर शेकडो माणसे खांद्याला खांदा लावून निजतात, आणि उशिरा आलेल्यासाठी झोपेतल्या झोपेत कोणीतरी सरकून हातभर जागा करून देते.

आमच्या नंदिनी नगरातील ती चार मुले या हिवाळ्यात रतनवाडीला जाणार आहेत. त्यांना मी दोन वस्तू बरोबर घेण्यास सांगितले आहे, आणि डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक वाचकाला तीच विनंती करतो. एक जाड पुठ्ठ्याची वही न्यावी, आणि एक केरसुणी न्यावी. ज्या घरी किंवा देवळात उतराल तेथील माणसाच्या हाती दोन्ही द्याव्यात, सकाळी निघण्यापूर्वी जागा स्वतः झाडावी, आणि वहीच्या पहिल्या पानावर आपले नाव, गाव, तारीख आणि पुढची वाट स्वच्छ अक्षरात लिहून मगच पाठपिशवी उचलावी.